नैवेद्याआधीची साखर

इंदूआत्याला गोड करून टाकायचं काम सध्या आमच्या घरात जोरात चाललं आहे. ती गेल्यापासून जो येतो तो म्हणतो, "स्वभावानं कडक, पण मनानं किती प्रेमळ होती!" बैठकीत तिचा फोटो लागला, त्यावर हार चढला, आणि स्टुडिओवाल्याला सांगून कुणीतरी तिच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा पुसून घेतल्या. मला त्या फोटोकडे बघवत नाही. ती बाई रागावलेली होती. उठता-बसता रागावलेली होती, आणि तिचा राग खरा होता. ज्यांच्यावर तो होता तेच आता रोज हार बदलतात.

इंदूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामाजींची, थोरली बहीण. तिला खाप्याला दिली होती. तिथे सासरचं कापडाचं दुकान होतं. यजमान गेल्यावर दुकान आवरलं, मुलगा परदेशात स्थिरावला, आणि आत्या रामदासपेठेत एका फ्लॅटमध्ये एकटी राहायला आली. खाली औषधाचं दुकान, समोर औषधाचं दुकान, दोन्हीकडं दवाखाने. "लोकं म्हातारपणी काशीले जातात, मी रामदासपेठेत आली," असं म्हणायची. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचा गच्च अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत एक भिंग. समोरच्याचं वाक्य तिनं कधी पुरं होऊ दिलं नाही.

मी कळमेश्वरची. लग्न होऊन त्रिमूर्ती नगरच्या या घरात आले त्याच आठवड्यात आत्या नव्या सुनेला बघायला आली. मी वाकून नमस्कार केला. तिनं डोक्यावर हात ठेवला, पण तोंड बघितलं नाही, दागिने बघितले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेली, फ्रिजवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उतरवला आणि जेवणाच्या टेबलावर उपडा केला. सगळ्या घरादाराची औषधं. निम्म्या गोळ्या कैचीनं एकेक कापून सुट्या केलेल्या, त्यांच्यावर ना नाव ना तारीख. काही तर नुसत्याच, पाकिटाबाहेरच्या, सुपारीच्या खांडांसारख्या डब्याच्या तळाशी फिरत होत्या.

आत्यानं एक गुलाबी गोळी उचलली. "हे कोनाची?"

सासूबाई म्हणाल्या, "यांची. नाही, थांबा ताई, माझीच असंल. पित्ताची आहे ना ते?"

"पित्ताची गुलाबी का पांढरी?"

"पहिले पांढरी होती. मंग कंपनी बदलली म्हणे."

"कंपनी बदलली का गोळी बदलली, कोनाले माहीत? तुले माहीत आहे? वसंता, तुले?"

मामाजी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "इंदू, नवी सून आली आहे घरात. आज तरी राहू दे ना."

"नव्या सुनेलेच तर दाखवून राहिली! उद्या हिचं डोकं दुखलं तर याच डब्यातून देसान ना काढून?"

मग तिनं भिंग काढून एकेका पाकिटावरची तारीख वाचली. तारीख उलटलेलं, नाव नसलेलं, कशाचं ते कुणालाच सांगता न येणारं, सगळं एका बाजूला केलं. त्या गोळ्या सकाळच्या चहाच्या चोथ्यात कालवल्या, पिशवीला घट्ट गाठ मारली आणि मग कचऱ्यात टाकल्या, नाहीतर कचऱ्यातून एखादं लेकरू गोळी उचलून तोंडात घालेल. उरलेल्यातलं एक पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाली, "पाह्य पोरी, ज्या बाजूले नाव आन तारीख आहे, तिकडून गोळी फोडाची नाही. ते बाजू शेवटी ठेवाची." नव्या सुनेला तिची ही भेट. साडी सासूबाईंनी नंतर आत्याच्या पिशवीतून काढून दिली, आत्या तर ती द्यायलाच विसरली होती.

मला तेव्हा ती आवडली नाही, हे आधीच सांगते. कुणाला आवडणार? दारात पाऊल ठेवलं की डबा उपडा. चहाच्या घोटाबरोबर गोळी घेणाऱ्या माणसाचा ती हात धरायची. पोराला खोकल्याचं औषध पोह्याच्या चमच्यानं पाजताना बघितलं तर चमचा हिसकून घ्यायची, बाटलीचं टोपण खिडकीपाशी डोळ्यासमोर धरून त्यावरच्या रेघेपर्यंत औषध ओतायची, आणि पोरगं गिळेपर्यंत हलायची नाही. तिच्या रागाला लहानमोठं कळत नव्हतं. चमच्यासाठी तेवढीच ओरडायची जेवढी जिवावरच्या गोष्टीसाठी. एकदा खालच्या औषधवाल्याला तिनं भर दुकानात झाडलं, की चुकीची गोळी दिलीस. त्यानं चिठ्ठी दाखवली, डॉक्टरांना फोन लावून दिला. गोळी बरोबर होती. आत्यानं माफी मागितली असेल? छे! "बरोबर दिली तर बरं झालं. पन विचाराले काय जाते बापा?" एवढं बोलून निघाली. दुकानदार बिचारा हात जोडून उभा.

बागेतला किस्सा तर सगळ्या रामदासपेठेला माहीत आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक देवतळेकाका होते. त्यांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी कसलीशी गोळी दिली, तिनं त्यांना आराम पडला, आणि काकांच्या अंगात दातृत्व संचारलं. कुणी गुडघा चोळताना दिसलं की खिशातून गोळी हजर. "घेऊन तं पाहा, एकदम फरस्क्लास!" त्या गटात एक बाई होत्या, त्यांच्या मूत्रपिंडाचा त्रास सगळ्यांना ठाऊक होता. काकांनी त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली आणि आत्यानं ती तिथल्या तिथं उडवली.

"गुडघा तुमचा, गोळी तुमची. त्या बाईच्या मूत्रपिंडाचं तुमाले काय ठाऊक?"

"अहो ताई, मी आपलं सेवा म्हणून..."

"सेवा कराची हौस आहे तं देवळापुढं चपला सांभाळा ना गा! गोळी म्हणजे काय महाप्रसाद होय, सगळ्यायले वाटाले?"

काका लाल झाले. त्या बाई डोळे पुसायला लागल्या, म्हणजे गोळीमुळं नाही, आत्याच्या आवाजामुळं. दुसऱ्या दिवसापासून त्या गटानं फिरायची वेळ बदलली. आत्याला कळवलं नाही. ती एकटीच फिरायची, आणि ती वेळ का बदलली हे तिनंही कुणाला विचारलं नाही.

आता महालक्ष्म्यांचं सांगते. इथं माझी जीभ सुटेल, त्याला इलाज नाही.

आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशी महापूजा, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, पडवळाची कढी, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय घरच्या बाईनं पाण्याचा घोट घ्यायचा नाही. घरची बाई म्हणजे सासूबाई, सुमन. पहाटे न्हाऊन सोवळ्यात चुलीपुढं बसायच्या. सासूबाईंना साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळी नेमानं घ्यायची, चुकवायची नाही." सासूबाईंचा नेम काय सांगावा! आयुष्यात त्यांनी कुणाचंच सांगणं चुकवलं नव्हतं. अडचण एकच, गोळीनं उपास मोडतो का? घरात बायकांची चर्चा झाली, गुरुजींना फोन गेला, आणि ठरलं की तुळशीच्या पाण्याबरोबर गोळी चालते. गोळीला परवानगी मिळाली. घासाला नाही. ती गोळी पोटात जाऊन साखर उतरवणार, आणि वर खायला काही येणार नाही, हे त्या चर्चेत कुणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांना विचारावं हेही आलं नाही. देवाधर्माचं डॉक्टरांना कशाला सांगायचं?

गुरुजींना त्या दिवशी घरं पुष्कळ. ते येता येता दुपार उलटून गेली. मी अंगणात भांडी विसळत होते तेव्हा आतून गलका ऐकला. जाऊन बघते तर सासूबाई महालक्ष्म्यांपुढं बसलेल्या, घामानं निथळत, हात थरथर कापत होते. तोंडानं काहीतरी अर्धवट बोलत होत्या, मधेच हसत होत्या. समोरचं निरांजन त्यांनी हातानं उडवलं. आणि एक बाई ओरडली, "अंगात आलं वं! देवी आली!"

झालं. खोली भरली. कुणी हळद-कुंकू लावतंय, कुणी ओटी भरतंय, कुणी पाया पडतंय. एक बाई पदर पसरून विचारते, "माय, माझ्या पोरीचं लग्न कधी जमंन?" जिला स्वतःचं नाव सांगता येईना, तिला लोक लग्नाचा मुहूर्त विचारत होते! सासूबाई नुसत्या बघत होत्या. मीसुद्धा दारात खिळले. मला आजाराचं कळत नव्हतं, पण ही देवी नाही एवढं त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. मामाजी पुढं आले आणि त्यांनी बायकोपुढं हात जोडले.

आत्या बाहेरच्या खोलीत होती. ती विधवा. पूजेच्या खोलीत येऊ नको असं तिला कुणी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. तिची खुर्ची बाहेर मांडलेली असायची, एवढंच. गलका ऐकून ती उठली. दारातल्या बायकांना खांद्यानं सारलं, बाहेरच्या लुगड्यानिशी सोवळ्यात शिरली, आणि नैवेद्याच्या ताटातली साखर मूठभर उचलली. अजून न दाखवलेल्या नैवेद्याची. पंचामृताच्या वाटीत पाणी घालून साखर विरघळवली, सासूबाईंना पाठीशी धरून नीट बसवलं, आणि म्हणाली, "सुमन, माह्याकडं पाह्य. घोट घे. गिळता येते का? हाव, गिळ. अजून एक."

"ताई, नैवेद्य!" कुणीतरी किंचाळलं.

"चुल्ह्यात गेला तुमचा नैवेद्य! बाई मरून राहिली इथं, आन तुमी तिले मुहूर्त पुसता? गाडी काढा!"

थोड्या वेळानं सासूबाईंची नजर जागेवर आली. त्यांनी आजूबाजूला बघितलं, ओटीतले तांदूळ बघितले, आणि त्यांना काही उमगेना. घरच्यांना वाटलं, झालं, उतरलं. आत्या ऐकेना. "साखर पाजली म्हणजे निपटलं नाही. गोळीचा जोर अजून पोटात आहे, पुन्हा उतरंन." तिनं त्यांना दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि त्यांना ठेवून घेतलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्या बाकावर बसली होती. हाताला पंचामृत लागलेलं, वाळलेलं. मी शेजारी बसले. विचारलं, "आत्या, तुम्हाला कसं कळलं?"

तेव्हा तिनं सांगितलं. खाप्याला तिच्या दिराच्या मुलीचं लग्न. यजमानांना साखरेचा आजार, त्यांनी सकाळी नेमानं गोळी घेतली. वरात आली नाही वेळेवर, पंगत लांबली. ते मांडवात बसले होते. घाम सुटला, बोलणं अडखळलं, खुर्चीवरून घसरले.

"वसंता तिथंच होता," आत्या म्हणाली. वसंता म्हणजे मामाजी. "म्हने, भाऊजीनं घेतलेली दिसते, उतरू द्या. पाहुण्यायसमोर शोभा नको म्हणून त्यायले आतल्या खोलीत निजवलं आन बाहेरून कडी लावली. ज्या माणसानं जल्मात थेंब नाही घेतला, त्यायले! मी बायकांत होती. मले कोनी सांगतलंच नाही. मी कडी काढली तवा ते हाका मारून उठत नव्हते. जगले, पन मले ओळखलं नाही पुन्हा. वर्ष नाही काढलं."

मग ती माझ्याकडं वळली. "बाप्या असला का दारू चढली, बाई असली का देवी आली. साखर उतरली असंन, हे कोनाच्या बापाच्या डोक्यात येत नाही."

"मामाजींना माहीत आहे? ते साखरेनं झालं होतं म्हणून?"

"डॉक्टरनं त्याच्यासमोरच सांगतलं ना. पन सुमनले हे बोलू नको बरं. तिले त्या माणसासोबत राहाचं आहे. मी एवढे वर्ष नाही बोलली."

म्हणजे त्या माणसाला ठाऊक होतं! घाम, थरथर, अडखळणारी जीभ, हे सगळं त्यानं एकदा पाहिलं होतं, डॉक्टरांच्या तोंडून कारण ऐकलं होतं, आणि तरी बायकोपुढं हात जोडून उभा राहिला. मी यावर पुष्कळ डोकं खपवलं. ज्यानं एकदा कडी लावली, त्याला तीच लक्षणं पुन्हा ओळखायची भीती वाटत असेल. ओळखलं तर आधीचं कबूल करावं लागतं. असेल, भीती असेल. पण मला त्या भीतीची कीव येत नाही. मी वर्षभर त्या माणसाला रोज दोन्ही वेळ चहा दिला आणि रोज मनात जळत राहिले.

आणि या सगळ्यात दोष कुणाला लागला? आत्याला! विधवेनं सोवळं मोडलं, देवीच्या आधी नैवेद्य उष्टा केला. मामाजींनी आल्यागेल्यासमोर सांगितलं, "माह्या बहिणीनं देवी बाटवली." आणि तिला फोनवर सांगितलं, "पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्यांले येऊ नको." आत्या म्हणाली, "बरं." तिचं एका शब्दात आटोपलेलं तेवढं एकच बोलणं मला आठवतं.

सासूबाईंचं तर विचारूच नका. जीव वाचला याचा आनंद नाही, नैवेद्य आपल्यामुळं उष्टा झाला याचं दुःख. पुढच्या वर्षी त्याचं प्रायश्चित्त म्हणून आणखी कडक उपास करणार म्हणाल्या. आत्यानं हे माझ्याकडून ऐकलं आणि घरी न येता, रस्त्यावरूनच रिक्षात घालून त्यांना डॉक्टरांकडं नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की उपास असेल तेव्हा आधी मला सांगा, त्या दिवशीचं औषध कसं घ्यायचं ते मी ठरवून देतो, आणि हे सणाच्या आधीच करायचं. शक्यतो उपास करूच नका. सासूबाईंनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. परत येताना रिक्षात मला म्हणाल्या, "डॉक्टर चांगले आहेत वं. पन त्यायच्या घरी महालक्ष्म्या नाहीत."

आणि पुढच्या वर्षी त्यांनी डॉक्टरांना काही विचारलं नाही. महापूजेच्या सकाळी मी त्यांचं गोळ्यांचं पाकीट बघितलं, तर त्या दिवसाची गोळी फोडलेली. म्हणजे घेतली. मी म्हटलं, "आई, घेतली ना, मग आता चार घास खा." त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. "मागच्या वर्षीचं फेडाचं आहे मले." मी मामाजींकडं गेले. ते पूजेचं साहित्य मांडत होते. मान वर न करता म्हणाले, "आज तमाशा नको सूनबाई. गुरुजी येतीलच लवकर."

मी आत्याला फोन केला.

ती आली तेव्हा अंगणात पाहुण्या बायका जमायला लागल्या होत्या. मामाजी दारात उभे राहिले. "इंदू, सांगतलं होतं तुले." आत्या फाटकाच्या आत आली नाही. फाटकाला धरून तिनं हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "सुमन! बाहेर ये!"

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "ताई, पूजा होऊन जाऊ द्या."

"अशीच वाट पाह्यता पाह्यता माहा नवरा गेला!"

मामाजी चटकन पुढं झाले. "इंदू!" आत्या थांबली. एक क्षण मला वाटलं, ती परत जाईल. भावाची लाज तिनं इतकी वर्षं झाकली होती, आणि पाहुण्यांनी अंगण भरलेलं. मग तिनं फाटकावरचा हात घट्ट केला आणि सगळं सांगितलं. खाप्याचं लग्न, न आलेली वरात, दारूचा आळ, आतली खोली, बाहेरून लावलेली कडी, आणि कडी लावणाऱ्याचं नाव. रडली नाही. एकेक शब्द मोजून मापून, टोपणानं औषध ओतावं तसा ओतला. "डॉक्टरनं त्याले सांगतलं होतं सुमन, साखर उतरली म्हणून. तरी मागच्या वर्षी तुह्यापुढं त्यानं हात जोडले. आजबी जोडंन. तुले वाटत असंन तो तुले उठवंन, तं तो नाही उठवत."

सासूबाई दाराशी आल्या होत्या. सोवळ्याचं लुगडं, हाताला पुरण लागलेलं, डोळे मामाजींवर.

"खरं आहे का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं त्या माणसानं. किंवा हो म्हणून खाली बसायला हवं होतं. मामाजी म्हणाले, "पूजा होऊन जाऊ दे. मंग बोलू."

सासूबाई वळल्या. मला वाटलं, गेल्या पुन्हा चुलीपुढं. त्या आत गेल्या, नैवेद्याचं ताट उचललं आणि बाहेर घेऊन आल्या. दाराच्या पायरीवर बसल्या, पुरणपोळी मोडली, आणि सगळ्या बायकांसमोर, नवऱ्याकडं बघत खायला लागल्या. सावकाश, चावून चावून. एक पोळी संपवली, कढी प्यायल्या, भात कालवला. मामाजी त्यांच्यामागं दारात उभे होते आणि त्यांना ना आत जाता येईना, ना बाहेर.

जेवण झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ताई, आत या. पहिला पाट आज तुमचा."

"नाही येत."

"काहून? माह्यावर राग आहे?"

"तुह्यावर नाही. या घरावर आहे." आत्यानं फाटक सोडलं आणि माझ्याकडं बघितलं. "तिच्यापाशी बस वं पोरी. दुपारी पुन्हा खाऊ घालजो. घाम आला, हात कापले, तं साखर दे आन दवाखान्यात ने. कोनाले पुसत बसू नको."

आणि निघाली. तिनं घरी जायला रिक्षासुद्धा बघितली नाही. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी एका रात्री ती झोपेतच वारली. मधे फोनवर बोलणं झालं, भेट झाली नाही. म्हणून माझ्यापुरतं शेवटचं दर्शन त्याच दिवसाचं, गल्लीच्या टोकाचं.

ती निघाल्यावर सासूबाईंना घरात बसवून मी पाण्याचा तांब्या घेतला आणि तिच्यामागं धावले. इतक्या उन्हात आली होती, कुणी घोटभर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. गल्लीच्या टोकाला ती विजेच्या खांबाला हात टेकून पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते. मला वाटलं, शेवटी रडू फुटलं. मी पावलं न वाजवता जवळ गेले.

ती रडत नव्हती. शिव्या देत होती. खालच्या आवाजात, एकेकाचं नाव घेऊन. वसंताला दिल्या, वरातवाल्यांना दिल्या, त्या लग्नाच्या आचाऱ्याला दिल्या, खोलीपाशी उभं राहून हसणाऱ्या पोरांना दिल्या. मग जरा थांबली, श्वास घेतला, आणि त्याच आवाजात म्हणाली, "आन इंदे, तू वं? तू कुठं मेली होती तवा? बायकांत बसून साड्या पाहून राहिली होती ना, भवाने!"